उलटं आयकार्ड

"मॅडम, एसटीत चढायच्या आधी मी आयकार्ड उलटं करते."

बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षातली ही मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसली तेव्हाही कार्ड उलटंच होतं. नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून इकडे आलेली. गावात कोणी विचारलं तर "मेडिकलला आहे" एवढंच सांगायची. वॉर्डात राउंड सुरू झाला की हिचा आवाज बसायचा. "मला नर्स म्हणून उभंच राहता येत नाही." हे वाक्य मी किती मुलींकडून ऐकलंय, मोजदाद नाही.

पहिल्या भेटीत मी घोळ घातला. नाइटिंगेलबाईंवर भाषणच ठोकलं. क्रिमियाचं युद्ध, मृत्यूंचे आकडे मांडणाऱ्या त्यांच्या १८५८ सालच्या आकृत्या, सगळं. तिने मान डोलावली आणि निघून गेली. दीपप्रज्वलनाच्या शपथेच्या दिवशी हे तिला ऐकवून झालेलंच होतं.

दुसऱ्या वेळी फक्त विचारलं, "या आठवड्यात वॉर्डात काय पाहिलंस?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वास यांची नोंद) ओळीने सगळ्यांचा श्वास मिनिटाला २० लिहिलेला असतो. हिने एका आजोबांचा पूर्ण मिनिटभर मोजला, मनगट धरून, नाडी बघतोय असं भासवत, म्हणजे त्यांना कळून श्वास बदलायला नको. भरला २८. पुन्हा मोजला, तेवढाच.

"मग?"

"चार्टवर २० लिहिलं. वाटलं, मीच चुकले असेन. रात्री त्यांना आयसीयूत हलवलं."

आजोबा सावरले, पण ही सावरली नव्हती. नर्सिंगवरून नातेवाइकांचे टोमणे होतेच, पण त्याखाली हे दबलेलं होतं. खोटा आकडा लिहिणं चूकच, ते मी गुळमुळीत केलं नाही. ती क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना सांगून आली. बोलणी खाल्ली, पण त्या रात्री झोप लागली म्हणाली.

नर्सिंगच्या अमेरिकन अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नर्सच्या वाटचालीच्या, नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंतच्या, पाच पायऱ्या मांडल्या. ही पहिलीवर उभी राहून पाचवीवरच्या इन्चार्ज सिस्टरशी स्वतःला ताडून बघत होती. तिला धीराच्या शब्दांपेक्षा सराव हवा होता. मग आम्ही एसबार, म्हणजे पेशंटची स्थिती थोडक्यात कळवायची पद्धत, घोटवला: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, काय करायला हवं. मी व्हायचे वैतागलेली इन्चार्ज. पहिल्यांदा ती म्हणाली, "सिस्टर, ते... पेशंटला जरा बरं नाही." चौथ्या भेटीत: "सिस्टर, बेड ७, न्यूमोनिया, काल ॲडमिट. सकाळी श्वास १८ होता, आता २८. ऑक्सिजन ९१. मला काळजी वाटतेय, येऊन बघता का?"

गंमत म्हणजे आकडे तिला पटकन जमले. "मला काळजी वाटतेय" म्हणताना मात्र दर वेळी नजर खाली जायची. "मला" हा शब्द जड जात होता.

दोन महिन्यांनी वॉर्डात खरंच तशी वेळ आली. सिस्टर आधी खेकसल्या, "नीट मोजलंस का?" ती म्हणाली, "दोनदा, पूर्ण मिनिट." त्या उठून तिच्याबरोबर गेल्या.

दिवाळीनंतर आली ती तक्रार घेऊनच. अख्खी आळी बीपी मोजायला दारात, फराळही धड खाऊ दिला नाही. मावशींना अजून "मेडिकलला आहे" असंच सांगते, तेही हसत कबूल केलं. पुढची भेट तिने स्वतःच रद्द केली; नाइट ड्यूटी होती.