नदीच्या पाण्यावरचा पालक आणि ईडीटीएचा डोस

प्रश्न (हवेली तालुका, जि. पुणे): मुळा-मुठेकाठी दोन एकर काळी जमीन आहे. पंधरा वर्षे नदीच्याच पाण्यावर पालक, मेथी, मुळा घेतो. भाजीत शिसे, कॅडमियम उतरते असे ऐकले. दुकानदार म्हणतो, ठिबकमधून ईडीटीए (धातूला पकडून पाण्यात विरघळवणारे रसायन) सोडा, जड धातू धुऊन जातात. एकरी किती सोडू? मृदा आरोग्य पत्रिका तर चांगली आली आहे.

उत्तर: एक ग्रॅमही सोडू नका. काळ्या जमिनीचा सामू (पीएच) आठच्या आसपास असतो, चिकणमातीही भरपूर, म्हणून शिसे मातीला धरून बसते. ईडीटीए ते सोडवतो आणि मुळांच्या तोंडाशी नेऊन देतो. प्रदूषित जमिनीतले शिसे झाडांकरवी ओढून काढण्याच्या प्रयोगांत मुद्दाम हेच रसायन वापरतात. तुमचे झाड म्हणजे बाजारात जाणारा पालक! फवारणीतले चिलेटेड झिंक, म्हणजे ईडीटीएत बांधलेले जस्त, वेगळे, जमिनीत ईडीटीए ओतणे वेगळे. दुकानदार दोन्ही एकाच नावाने विकतो.

सामू उतरवायला गंधक किंवा फॉस्फोरिक ॲसिड दे म्हणणाराही भेटेल. एरवी चुनखडीच्या रानात त्याचा उपयोग आहे, तुमच्या रानात नाही. सामू उतरला की कॅडमियम मोकळे होते. म्युरेट ऑफ पोटॅशमधल्या क्लोराइडनेही कॅडमियमची उचल वाढते, तेव्हा पोटॅश सल्फेटचाच घ्या. शिसे बांधायला म्हणून सुपर फॉस्फेटची पोती रिकामी करू नका, त्या खतातही थोडे कॅडमियम असते. आणि सामू वाढवायला चुना? या जमिनीचा सामू आधीच वर आहे, पैसे वाया.

पत्रिका चांगली आली यात नवल नाही. तिच्यात बारा घटक असतात, शिसे-कॅडमियम त्यात नाहीच. ते वेगळे मागून तपासा. नमुना आठ-दहा ठिकाणचा, वरच्या १५ सेंटिमीटरचा, गंजक्या फावड्याने नको. पाणीही तपासा.

पालकाची जुडी बादलीत बुडवून पाच मिनिटे थांबा, तळाशी काळा गाळ दिसेल. त्या गाळातले शिसे धुतल्याने बरेच जाते. पानात शिरलेले कॅडमियम धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही. पालेभाजीसाठी मर्यादा किलोला शिसे ०.३ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम, इतकी बारीक आहे.

म्हणून अहवाल येईपर्यंत पालेभाजी आणि मुळा बंद. फळात धातू पानापेक्षा कमी उतरतो, तेव्हा घरापुरता दुधी, टोमॅटो लावा, तोही विहिरीच्या तपासलेल्या पाण्यावर. बाकी रानात झेंडू करा. दसरा-दिवाळीचा बाजार हाताशी आहे आणि ते कोणाच्या ताटात जात नाही. मी नदीकाठच्या प्रत्येकाला हेच सांगतो. माती परीक्षणात जस्त कमी निघाले तरच झिंक सल्फेट द्या, जस्त कमी असले की कॅडमियम जास्त उचलले जाते. शेणखत घरचेच. नाल्याचा किंवा सांडपाणी प्रकल्पाचा गाळ फुकट मिळाला तरी रानात आणू नका.

आणि पुन्हा सांगतो, ईडीटीएचा डबा घेतला असेल तर बिलासकट परत करा.