मटण-बटाट्याचा कॅसरोल : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच पदार्थाविषयी आहेत: तळाशी मांसाचा दाट रस्सा, वर बटाट्याचा थर, आणि हे सारे एकाच भांड्यात, ओव्हनमध्ये शिजलेले. घरातील सर्वांना एकत्र जेवायला बसायचे असेल तेव्हा हा पदार्थ विशेष सोयीचा ठरतो, कारण शेवटच्या तासाभरात त्याच्यापाशी उभे राहावे लागत नाही. तक्रारी वेगवेगळ्या शब्दांत मांडलेल्या असल्या, तरी बहुतेकींचे मूळ एकच आहे. मांस आणि बटाटा यांना लागणारा वेळ वेगळा असतो, आणि तो वेगळा देण्याचा कंटाळा केला जातो.

प्रश्न : मटणाचे तुकडे, कांदा, टोमॅटो आणि बटाट्याच्या चकत्या मी एकदमच भांड्यात भरते आणि १८० अंशांवर दीड तास ठेवते. मटण चिवट राहते आणि नवल म्हणजे बटाटाही कडकच लागतो. वेळ वाढवली तर वरचा थर करपतो. यावर उपाय काय?

उत्तर : आधी मटणाचा विचार करू. खांदा, मांडी, नळी या भागांतील स्नायूंनी जनावराच्या आयुष्यभर काम केलेले असते, त्यामुळे त्यांत कोलॅजेन हे चिवट प्रथिन पुष्कळ असते. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे ते हळूहळू विरघळू लागते आणि त्याचे जिलेटिन होते. मटणाला येणारा मऊपणा आणि रश्श्याला येणारा दाटपणा हा याच बदलाचा परिणाम असतो. हा बदल घाईने घडवून आणता येत नाही. रस्सा खदखदा उकळू दिला, तर स्नायूंचे तंतू आकसतात, त्यांतील रस बाहेर पडतो आणि मांस मऊ होण्याऐवजी कोरडे पडते. म्हणून झाकण लावलेल्या भांड्यात, १५० ते १६० अंशांवर, खांद्याच्या ४ सेंटिमीटरच्या तुकड्यांना सुमारे दोन तास द्यावेत. मांस जून असेल तर अडीच. तुकडा चमच्याच्या कडेने दाबल्यावर सहज तुटला, की तो तयार झाला असे समजावे. स्वस्त आणि चिवट समजले जाणारे भाग या पदार्थाला अधिक शोभतात. चरबी आणि पडदा नसलेले महागडे तुकडे येथे वाया जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

बटाटा कडक राहण्यामागचे कारण टोमॅटोत आहे. बटाट्याच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे पेक्टिन आम्लात सहजासहजी विरघळत नाही. त्यामुळे टोमॅटो, दही किंवा व्हिनेगर असलेल्या रश्श्यात कच्चा बटाटा शिजण्यास नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ घेतो. त्यात भर म्हणजे थंड जिन्नसांनी गच्च भरलेले भांडे ओव्हनमध्ये फार सावकाश तापते, आणि बटाटा ५५ ते ६५ अंशांच्या दरम्यान बराच काळ रेंगाळला, तर त्याच्यातीलच एक विकर त्या पेक्टिनला आणखी बळकट करते. एकदा असे झाले, की तो बटाटा लवकर मऊ होत नाही.

यासाठी क्रम बदलावा. प्रथम मटण कांदा-टोमॅटोसह पूर्ण शिजवून घ्यावे. ते शिजत असताना बटाट्याच्या ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात, मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटे उकडाव्यात आणि चाळणीत निथळून त्यांची वाफ जाऊ द्यावी. मग गरम रश्श्यावर त्या कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढवून मांडाव्यात, त्यांवर वितळलेले लोणी लावावे, आणि भांडे १९० अंशांवर २० मिनिटे झाकून व पुढे २० ते २५ मिनिटे उघडे ठेवावे. करपण्याची भीती यात उरत नाही, कारण वरच्या थराला केवळ रंग येण्यापुरताच वेळ उघडे राहावे लागते.

मटण आधी तेलात परतून घ्यावे का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. अवश्य परतावे. मात्र त्यामुळे ‘आतला रस कोंडला जातो’ ही समजूत खरी नाही. परतलेल्या मांसातूनही रस बाहेर येतोच. परतण्याचा लाभ चवीचा आहे. मांसाचा पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या वर गेला, की प्रथिने आणि शर्करा यांच्यातील प्रक्रियेने तो खरपूस तांबूस रंग व स्वाद तयार होतो, आणि पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तापमान तेथवर पोहोचतच नाही. म्हणून तुकडे कापडाने टिपून कोरडे करावेत आणि कढईत गर्दी न करता दोन-तीन खेपांत परतावेत. बुडाशी चिकटलेला तपकिरी थर अर्धी वाटी पाणी घालून उलथण्याने सोडवावा आणि रश्श्यात मिसळावा. तो घासून टाकून देणे म्हणजे चवीचा मोठा वाटा टाकून देणे होय.

प्रश्न : चव उत्तम येते, पण वाढताना ताटात पाणी सुटते. सहा माणसांसाठी नेमके प्रमाण द्याल का?

उत्तर : सहा माणसांसाठी १ किलो बिनहाडाचे मटण, सव्वा किलो बटाटे, ३ मोठे कांदे, २ टोमॅटो, २ टेबलस्पून मैदा आणि २ कप हाडांचा स्टॉक पुरेसा होतो. आपल्या पत्रात चार कप पाण्याचा उल्लेख आहे. ते पातळ रश्श्याच्या भाजीचे प्रमाण झाले. बंद भांड्यात वाफ फारशी बाहेर जात नाही, शिवाय कांदा, टोमॅटो आणि खुद्द मांस आपापले पाणी सोडतात, हे लक्षात घेऊन सुरुवातीला रस्सा मांसाच्या निम्म्या उंचीच्या किंचितच वर असावा. गोठवलेले मांस वापरत असाल, तर ते फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्यावे आणि सुटलेले पाणी काढून टाकावे.

मैदा परतलेल्या मांसावर भुरभुरवून एक-दोन मिनिटे भाजावा, म्हणजे कच्चेपणा जातो आणि गुठळ्याही होत नाहीत. बटाट्याचा थर मांडण्यापूर्वी रश्श्यातून चमचा फिरवून पाहावा. चमच्याच्या पाठीवर तो पातळ थराने टिकत नसेल, तर भांडे उघडे ठेवून आटवावे, कारण बटाटा वर बसल्यावर ही दुरुस्ती करता येत नाही. ओव्हनमधून काढल्यावर पंधरा मिनिटे थांबून मगच वाढावे. स्टार्च आणि जिलेटिन या दोहोंमुळे रस्सा थोडा निवल्यावरच दाटतो. भुकेल्या मंडळींना ही पंधरा मिनिटे जड जातात खरी, पण ताटात सुटणाऱ्या पाण्यापैकी बरेचसे एवढ्यानेच आटोक्यात येते.

प्रश्न : तुकड्यांऐवजी खिमा आणि वर कुस्करलेला बटाटा असा प्रकार करते. बटाटा खिम्यात बुडतो आणि खाताना चिकट लागतो.

उत्तर : बटाटा बुडतो, कारण खाली खिमा पातळ आणि उकळता असतो. तो चांगला आटवून, भांड्यात पसरून, कोमट होऊ द्यावा आणि मग कडेकडून सुरुवात करून मध्याकडे बटाटा लावत न्यावा. खिम्याला सुटलेली जास्तीची चरबी आधीच चमच्याने काढावी, नाहीतर ती बटाट्यातून वर येते.

चिकटपणाचा दोष बहुधा मिक्सरचा आहे. फिरत्या पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटतात आणि आतील स्टार्च बाहेर पडून खळ तयार होते. बटाटा हातानेच, गरम असताना कुस्करावा. उकडल्यावर निथळून तो रिकाम्या पातेल्यात मंद आचेवर दोन मिनिटे हलवला, तर उरलेले पाणी उडून जाते आणि लोणी व गरम दूध नीट मुरते. पिठूळ जातीचा, उकडल्यावर फुटणारा बटाटा या कामाला योग्य. चकत्यांसाठी मात्र आकार टिकवणारा, मेणचट जातीचा घ्यावा. शेवटी काट्याने वरून रेघा ओढाव्यात, म्हणजे उंचवट्यांवर छान रंग चढतो. यात सर्व जिन्नस आधीच शिजलेले असल्यामुळे २०० अंशांवर २५ ते ३० मिनिटे पुरतात. चीज घालायचेच असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत घालावे.

प्रश्न : चिकन आणि बटाटा पांढऱ्या सॉसमध्ये केला, तर सॉस फाटतो. का?

उत्तर : नुसते दूध घातले असेल, तर ते फाटणारच. २ टेबलस्पून लोण्यात २ टेबलस्पून मैदा भाजून २ कप सायीसकट दूध थोडे थोडे घालावे. मैद्यातील स्टार्चमुळे दुधातील प्रथिने एकमेकांना चिकटत नाहीत. लिंबू किंवा टोमॅटो या सॉसमध्ये घालू नये आणि ओव्हन १७० अंशांच्या वर नेऊ नये. चिकनच्या मांडीचे तुकडे घ्यावेत. छातीचे मांस एवढ्या वेळात कोरडे होते.

प्रश्न : नोकरीमुळे संध्याकाळी वेळ मिळत नाही. आदल्या रात्री सगळे करून ठेवता येईल का, आणि उरलेले किती दिवस टिकते?

उत्तर : येईल, आणि मटणाचा रस्सा तर दुसऱ्या दिवशी अधिकच मुरलेला लागतो. फ्रिजमध्ये वर साकळलेली चरबी काढणेही सोपे जाते. परंतु मांस अर्धवट शिजवून ठेवणे आणि उरलेले दुसऱ्या दिवशी शिजवणे, हे कोणत्याही परिस्थितीत करू नये. अर्धवट उष्णतेत जंतू मरत नाहीत, उलट वाढीस लागतात. खिमा मध्यभागी ७१ अंश आणि चिकन ७४ अंश तापमानाला पोहोचलेच पाहिजे. मांसाचा लहान थर्मामीटर घरात असला, तर रंगावरून अंदाज बांधण्याची वेळ येत नाही.

शिजवलेला रस्सा खोलगट पातेल्यात तसाच न ठेवता पसरट भांड्यात काढावा, म्हणजे तो लवकर निवतो, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावा. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतूंची वाढ सर्वांत वेगाने होते, म्हणून ओट्यावर रात्रभर ठेवलेला कॅसरोल सकाळी उकळून घेतला तरी खाण्यायोग्य समजू नये; काही जंतूंची विषे उकळल्यानेही नष्ट होत नाहीत. बटाट्याच्या चकत्या मात्र आदल्या रात्री कापून कोरड्या ठेवू नयेत, त्या काळवंडतात. उकडून, निथळून, लोणी चोळून झाकून ठेवल्यास चालतात.

उरलेला पदार्थ फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस टिकतो. पुन्हा गरम करताना तो मध्यापर्यंत ७४ अंश तापावा, आणि लागेल तेवढाच भाग गरम करावा. फ्रीझरमध्ये ठेवायचे असेल, तर केवळ मांस व रस्सा ठेवावा. चकत्यांचा बटाटा गोठून सुटला, की पाणी सोडतो आणि दाणेदार होतो; लोणी घालून कुस्करलेला बटाटा त्या मानाने बरा राहतो. आणखी एक गोष्ट: फ्रिजमधून काढलेले काचेचे भांडे थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नये, ते तडकू शकते.

प्रश्न : आमच्याकडे ओव्हन नाही. हा पदार्थ गॅसवर होईल का?

उत्तर : मांस शिजवण्यासाठी ओव्हनची गरजच नाही. प्रेशर कुकरमध्ये पाण्याचा उत्कलनबिंदू वाढून १२० अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे दोन तासांचे काम पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर २० ते २५ मिनिटांत होते. कुकरमध्ये रस्सा मुळीच आटत नसल्याने द्रव आणखी कमी, साधारण दीड कप घालावा. मात्र आपल्या कुकरला लागणाऱ्या किमान पाण्यापेक्षा तो कमी असू नये. वाफ आपोआप जिरू द्यावी, कारण शिटी उचलून ती एकदम सोडली की आत रस्सा जोराने उकळतो आणि मांसाचे तुकडे विस्कटतात.

वरच्या थराचा खरपूसपणा ओव्हनविना साधण्यासाठी उकडून निथळलेल्या चकत्या जाड तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी वेगळ्या तळाव्यात. शिजलेले मटण जाड बुडाच्या पसरट भांड्यात घालून आटवावे, त्यावर तळलेल्या चकत्या मांडाव्यात, आणि भांडे तव्यावर ठेवून अगदी मंद आचेवर दहा मिनिटे तापू द्यावे. या वेळी झाकण घट्ट लावू नये. आतील वाफेचे पाणी झाकणावरून ठिबकले, की तळलेल्या चकत्या पुन्हा मऊ पडतात.