सिलिकॉन वेगळं घ्यावं लागतं का?

प्रश्न : वय 54, पाळी थांबून चार वर्षं झाली. तपासणीत हाडांची घनता कमी आली. ओळखीच्या बाईंनी ‘हॉर्सटेल सिलिका’ कॅप्सूल सुचवल्या. केस, नखं, हाडं सगळ्याला चालतात म्हणे. घेऊ का? – एक वाचक, नाशिक

हाडांसाठी म्हणून घेऊ नका. हॉर्सटेल ही सिलिका असलेली एक वनस्पती, आणि सिलिका म्हणजे सिलिकॉन व ऑक्सिजनचं संयुग. सिलिकॉनचा हाडांशी संबंध आहे, यात शंका नाही. 1970 मध्ये संशोधक एडिथ कार्लाइल यांना कोवळ्या हाडात जिथे कॅल्शियम भरणं सुरू होतं नेमकं तिथे सिलिकॉन साठलेलं दिसलं. 1972 मध्ये सिलिकॉन वगळलेल्या खाद्यावर कोंबडीच्या पिल्लांची वाढ खुंटते, हेही त्यांनी दाखवलं. मात्र माणसात सिलिकॉनच्या कमतरतेचा आजार अजून कोणी दाखवलेला नाही, त्यामुळे लोह-जस्तासारखी रोजची शिफारस त्याला नाही.

2004 साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या 2,847 जणांचा अभ्यास आला. रोज 40 मिलिग्रॅमपेक्षा जास्त सिलिकॉन आहारातून घेणाऱ्यांची खुब्याच्या हाडाची घनता 14 मिलिग्रॅमपेक्षा कमी घेणाऱ्यांहून चांगली होती. पण हे पुरुषांत आणि पाळी चालू असलेल्या बायकांत. पाळी थांबलेल्या बायकांत हा संबंध दिसला नाही, आणि तुमचा प्रश्न नेमका तिथला आहे. 2008 मध्ये हाडांची घनता कमी असलेल्या बायकांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वासोबत रोज 3, 6 किंवा 12 मिलिग्रॅम विरघळणारं सिलिकॉन वर्षभर देऊन पाहिलं. हाडबांधणीचा रक्तातला एक निर्देशांक वाढला, मणक्याच्या घनतेत मात्र ठोस फरक पडला नाही.

कॅप्सूलच्या लेबलवर फसगत कुठे होते तेही पाहा. ‘हॉर्सटेल अर्क 300 मिलिग्रॅम, 7 टक्के सिलिका’ म्हणजे 21 मिलिग्रॅम सिलिका. सिलिकाला 0.47 ने गुणलं की सिलिकॉन मिळतं, म्हणजे जेमतेम 10 मिलिग्रॅम, आणि तेही सगळं शोषलं जात नाही. शिवाय हॉर्सटेलमध्ये ब-1 जीवनसत्त्व तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. ते काढून टाकल्याचा उल्लेख नसेल तर रोज घ्यायची वस्तू ती नव्हे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कुठल्याच रूपातलं सिलिका स्वतःच्या मनाने घेऊ नये. शोषलेलं सिलिकॉन लघवीवाटेच बाहेर पडतं, ती वाट मंदावली की रक्तात साठतं.

केस-नखांबद्दल थोडी बरी बाजू आहे. रोज 10 मिलिग्रॅम विरघळणारं सिलिकॉन 20 आठवडे दिल्यावर नखं-केस कमी ठिसूळ झाल्याचं 2005 च्या एका प्रयोगात आढळलं. पण त्यात बायका होत्या 50. एवढ्यावर जाहिरात होते, औषध ठरत नाही.

तुमच्या वयाला रोज 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आधी ते मोजा, ड जीवनसत्त्व तपासा आणि घनतेचा अहवाल डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : केळ्यात सिलिकॉन भरपूर असतं असं वाचलं. रोज दोन केळी पुरतात का? – एक वाचक, जळगाव

केळ्यात असतं खरं, पण अंगी लागतं जेमतेम 2 टक्के. बाकीचं जसं खाल्लं तसं बाहेर पडतं. खाण्यात किती आहे यापेक्षा आतड्यात किती विरघळतं, यावर सगळं अवलंबून आहे. धान्यं या बाबतीत बरी. भात, गहू, ओट, बार्ली, शिवाय फरसबी आणि मनुका. बहुतेक खाद्यपदार्थांतलं सरासरी 40 टक्क्यांच्या आसपास शोषलं जातं. भाताचं सिलिकॉन वरच्या थरात जास्त असतं, म्हणून पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा हातसडीचा चांगला. पीठ मैद्यासारखं चाळू नका, कोंडा राहू द्या. पाश्चात्त्य आहारात दिवसाला साधारण 20 ते 50 मिलिग्रॅम सिलिकॉन जातं. धान्य-भाजीवर भर असलेल्या आपल्या जेवणात त्याहून बरंच जास्त. (बिअरमध्येही लिटरला सरासरी 19 मिलिग्रॅम असतं आणि ते छान शोषलं जातं. हाडांच्या नावाखाली ग्लास भरणाऱ्यांनी एवढंच वाचून थांबू नये.)

प्रश्न : बोअरचं पाणी आरओतून घेतो. त्यातलं सिलिकॉन जातं का? – एक वाचक, लातूर

बहुतेक जातं. बेसॉल्टमधून, म्हणजे काळ्या कातळातून, मुरलेल्या पाण्यात विरघळलेलं सिलिका चांगलं असतं, आणि हे रूप शरीर सगळ्यात सहज घेतं. समजा लिटरला 40 मिलिग्रॅम सिलिका आहे, तर दोन लिटर पाण्यातून सुमारे 37 मिलिग्रॅम सिलिकॉन मिळतं. टीडीएस मीटरवर हे कळत नाही. मीटर विद्युतभार असलेले क्षार मोजतो, आणि पाण्यातल्या सिलिकावर सहसा भार नसतो. तपासायचं असेल तर प्रयोगशाळेत ‘सिलिका’ वेगळं मागा आणि नमुना प्लास्टिकच्या बाटलीत न्या. काचेतूनच सिलिका पाण्यात उतरतं आणि आकडा फुगतो.

पण एवढ्यासाठी आरओ बंद करू नका. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असेल तर ते गाळणं जास्त महत्त्वाचं. दोन्ही मर्यादेत असतील आणि टीडीएसही कमी असेल, तर मुळात आरओची गरज आहे का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

प्रश्न : सितोपलादीतल्या वंशलोचनातून सिलिकॉन मिळतं का? – एक वाचक, सांगली

वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरांत साठलेलं, बहुतांश सिलिकाच. चूर्णाचं पारंपरिक प्रमाण खडीसाखर 16, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलची 2, दालचिनी 1. म्हणजे 3 ग्रॅम चूर्णात पाऊण ग्रॅम वंशलोचन. आकडा मोठा वाटतो, पण हे सिलिका जुळलेल्या, घट्ट रूपात असल्याने फारच थोडं विरघळतं. बाजारात त्याच्या जागी तवकीर किंवा कृत्रिम सिलिकाही मिळतं. तवकीर हा स्टार्च आहे : गार पाण्यात कालवून उकळलं की खळ होते, वंशलोचनाची होत नाही. सितोपलादी खोकल्यासाठी घ्यायचं तर वैद्यांना विचारून घ्या, सिलिकॉनसाठी नको. मधुमेह असेल तर त्यातली निम्म्याहून जास्त खडीसाखर आधी लक्षात घ्या.

प्रश्न : मसाल्याच्या पाकिटावर ‘551’ लिहिलंय. हेच सिलिका ना? त्याने सिलिकोसिस होतो का? – एक वाचक, पणजी

हो, तेच, पूड गुठळू नये म्हणून घालतात. सिलिकोसिस खाल्ल्याने होत नाही. दगडखाणी, क्रशर, खंभातचं अकीक-काम इथे स्फटिकी सिलिकाची बारीक धूळ श्वासातून वर्षानुवर्षं फुप्फुसात बसते, त्यातून तो होतो. पाकिटातलं सिलिका स्फटिकी नसतं. घरात कोणी दगड कापण्याच्या कामावर असेल तर काळजी तिथे करा. साधा कापडी रुमाल ती धूळ अडवत नाही. पाणी मारून ओलं कापणं आणि नीट बसणारा एन-95 किंवा त्याहून वरचा मास्क, दोन्ही लागतात.