कारागृहातील नोकरीनंतर फ्लोरिडात पोलीस अधिकारी होण्यासाठी प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागते का?

आपला प्रश्न असा आहे की, फ्लोरिडात काही वर्षे करेक्शनल ऑफिसर म्हणून काम केलेल्या आपल्या भावाला पोलीस दलात जायचे असल्यास संपूर्ण अकादमी पुन्हा करावी लागेल का, आणि त्यातील अवघड भाग कोणता. मी स्वतः हा बदल केलेला असल्याने अनुभवावरून लिहितो.

संपूर्ण अकादमी करावी लागत नाही. प्रमाणपत्रधारक कारागृह अधिकाऱ्यांसाठी तेथे ‘क्रॉसओव्हर’ अभ्यासक्रम असतो. दोन्ही प्रशिक्षणांतील सामाईक भाग त्यातून वगळल्यामुळे तो बराच लहान असतो. मात्र पोलीस अधिकाऱ्यांसाठीची राज्याची परीक्षा स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावी लागते. इतर राज्यांचे नियम निराळे आहेत, हेही लक्षात ठेवावे.

अवघड जाते ते झडतीचे आणि बळाच्या वापराचे कायदे अंगवळणी पाडणे. हडसन विरुद्ध पामर या 1984 च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला स्वतःच्या कोठडीत खासगीपणाची अपेक्षा धरता येत नाही असा निर्णय दिला, त्यामुळे कारागृहात कोठडी तपासताना कोणाची परवानगी किंवा वॉरंट लागत नाही. रस्त्यावर मात्र 1968 च्या टेरी विरुद्ध ओहायो निकालानुसार एखाद्याला चौकशीसाठी अडवून ठेवायला गुन्ह्याचा वाजवी संशय हवा, आणि त्याचे कपडे वरून चाचपण्यासाठी तो सशस्त्र व धोकादायक असल्याचा वेगळा संशय हवा. हे दोन्ही संशय कोणत्या गोष्टींवरून आले, ते नंतर न्यायालयात शब्दांत सांगता आले पाहिजे. कारागृहात आदेश न पाळणे हाच शिस्तभंग ठरतो, तर रस्त्यावरचा नागरिक गाडीच्या झडतीला शांतपणे नकार देतो, आणि दुसरे कायदेशीर कारण नसेल तर अधिकाऱ्याला तो नकार मान्य करावा लागतो. वर्षानुवर्षे आदेश देण्याची सवय जडलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो; वर्गात अगदी हुशार असलेले सहकारीही प्रात्यक्षिकात येथेच अडखळत.

बळाच्या वापराचे मोजमापही बदलते. शिक्षा भोगणाऱ्या कैद्यावर बळ वापरले असेल तर ते शिस्त राखण्याच्या प्रामाणिक हेतूने वापरले की इजा करण्याच्या दुष्ट हेतूने, हे न्यायालय पाहते. पोलिसाच्या बाबतीत 1989 च्या ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर निकालानुसार, त्या क्षणी त्या जागी असलेल्या समंजस अधिकाऱ्याने तसेच केले असते का, हे पाहिले जाते. मनातील हेतू चांगला होता एवढ्याने भागत नाही. (आपले बंधू खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्यांच्या जेलमध्ये काम करत असतील, तर 2015 पासून त्यांना बऱ्याच अंशी हाच निकष लागू आहे.)

गाडी चालवण्याचे प्रशिक्षण, वाहने थांबवणे, अपघाताचा तपास आणि मद्यपी चालकाच्या चाचण्या हे विषय नवे असले तरी सरावाने जमतात. पिस्तुलाबाबत मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. कैद्यांमध्ये वावरताना शस्त्र जवळ बाळगत नाहीत. पोलिसाच्या कमरेला ते सतत असते, त्यामुळे प्रत्येक झटापटीत आपले शस्त्र दुसऱ्याच्या हाती जाऊ न देण्याचा विचार आधी करावा लागतो. शरीराला हे नव्याने शिकवावे लागते.

आपल्या बंधूंची जमेची बाजूही मोठी आहे. चिडलेल्या माणसाशी तासन्‌तास आवाज न चढवता बोलणे आणि एखाद्याच्या उभे राहण्यावरून पुढचा प्रसंग ओळखणे, हे नवख्या भरतीला लवकर येत नाही.

अर्ज करण्यापूर्वी त्यांनी संबंधित पोलीस विभागाला दोन गोष्टी विचाराव्यात: अभ्यासक्रमाचा खर्च विभाग उचलतो का, आणि त्या काळात वेतन मिळते का. काही विभाग उमेदवाराला आधी नोकरीवर घेऊन मग प्रशिक्षणाला पाठवतात. तसे असेल तर कारागृहाच्या नोकरीचा राजीनामा नेमणुकीचे पत्र हाती आल्यावरच द्यावा.