राजकीय विचारसरणीमुळे धोरणकर्ते संशोधन डावलतात का?

सरसकट डावलतात असे मी म्हणणार नाही. नको असलेल्या गोष्टीसाठी ते भक्कम पुरावा मागतात आणि हव्या असलेल्या गोष्टीसाठी काहीच मागत नाहीत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा अन्य फळ, देण्याचे ठरवले. काही महिन्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत अंड्यांविरुद्ध तक्रार आली, तेव्हा मी हजेरीपट घेऊन बैठकीला गेले, कारण अंड्याच्या दिवशी, म्हणजे बुधवारी, माझ्या चौथीच्या वर्गात गुरुवारपेक्षा पाच-सहा मुले जास्त असत. एका सदस्यांनी पट न उघडताच बाजूला सारला आणि "बाई, शास्त्रीय अहवाल आहे का?" असे विचारले. राजगिऱ्याच्या लाडवाचा ठराव त्याच बैठकीत, कोणताही अहवाल न मागता, दोन मिनिटांत मंजूर झाला.

वरच्या पातळीवर याहून निराळे घडत नाही. तमिळनाडूत १९८९ पासून शाळेतल्या मुलांना अंडी मिळतात. मध्य प्रदेशात २०१५ मध्ये भाजपचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी अंगणवाडीत अंडी देण्यास नकार दिला. पोषणशास्त्र दोन्हीकडे एकच होते. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा निधी थांबला आणि हवी असल्यास लोकसहभागातून द्यावीत, असे शाळांना सांगण्यात आले. ज्या गावात वर्गखोलीची कौले बदलायला वर्गणी जमत नाही, तिथे अंड्यांसाठी ती कोण देणार?

तरीही सगळा दोष एका पक्षाच्या माथी मारता येत नाही, कारण महाराष्ट्रातील आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंडी सुरू झाली, तेव्हा मुख्यमंत्री भाजपचेच होते.

आम्ही अंडेवालेही धुतल्या तांदळासारखे नाही. रोज एक अंडे दिल्याने बाळांमधील खुंटलेली वाढ ४७ टक्क्यांनी घटल्याचा इक्वेडोरमधील २०१७ चा अभ्यास आम्ही तोंडपाठ सांगतो, पण मलावीत तसाच प्रयोग केल्यावर उंचीत एकूण फरक आढळला नाही, हे सांगायचे टाळतो. शिवाय ही तान्ह्या बाळांवरची संशोधने, चौथीच्या मुलांवरची नव्हेत. माझ्या पटातही एक मेख होती: गुरुवारी आमच्या गावचा बाजार असे आणि त्या दिवशी मुले एरवीही कमी येत. हे मी बैठकीत बोलले नाही. त्या सदस्यांनी पट उघडला असता, तर त्यांना मला तिथेच गप्प करता आले असते.