कॉल क्लोज झालाय, पण मशीन बंदच आहे

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही बार्शीला राहतो. मागच्या दिवाळीत पुण्यातून भावाच्या ओळखीच्या दुकानातून फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेतलं, ३१,५०० ला पडलं, कार्डवर दोन वर्षं पूर्ण वॉरंटी आणि मोटरला दहा वर्षं असं छापलंय. चार महिने झकास चाललं. मार्चमध्ये एकदम डेड, लाइटच लागेना. कंपनीच्या नंबरवर तक्रार केली, सहाव्या दिवशी मुलगा आला, मागचं झाकण उघडलं आणि म्हणाला ताई बोर्ड उडालाय, मागवावा लागेल, तुम्ही तेवढा ओटीपी सांगा नाहीतर माझा कॉल ओपन राहतो. मी सांगितला. बोर्ड तीन आठवड्यांनी आला, बसवला, परत ओटीपी. १९ दिवस चाललं आणि बंद. दुसरा बोर्ड आला, तो जुलैपर्यंत टिकला. आषाढीनंतर द्वादशीला भगवंताच्या दर्शनाला आलेले पाहुणे घरी मुक्कामाला आणि मशीन परत डेड, सगळ्यांच्या चादरी हाताने धुतल्या, असो. आता तोच मुलगा म्हणतो की तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, हे वॉरंटीत बसणार नाही, बोर्डाचे पैसे भरा. मीटर वगैरे काही लावला नाही, नुसता प्लगकडे बघून बोलला. विजिटचे ३५० पण घेऊन गेला. त्याच घरात फ्रिज, टीव्ही सगळं व्यवस्थित चालू आहे. कस्टमर केअरला भांडले तर बाई म्हणते, मॅडम आमच्या सिस्टिममध्ये तुमच्या सगळ्या कंप्लेंट रिझॉल्व्हड दाखवतायत! मिस्टर म्हणतात सोड, बाहेरून बोर्ड रिपेअर करून घेऊ. मशीन बदलून मिळू शकतं का? आणि केस करायची तर पुण्याला खेटे घालावे लागतील का?

उत्तर : ताई, पहिलं काम, मिस्टरांना थांबवा. बाहेरच्या माणसाने एकदा ते झाकण उघडलं की कंपनीला आयतं कारण मिळतं, मशीन अनधिकृत माणसाने उघडलं, वॉरंटी संपली, विषय बंद. इतके महिने थांबलात तर अजून थोडी कळ काढा.

आता ओटीपीचं सांगतो, कारण तुमचं सगळं घोडं तिथेच अडलंय. मी स्वतः सतरा वर्षं सर्व्हिस सेंटरच्या काउंटरच्या पलीकडे काढलीत, त्यामुळे हे ऐकीव नाही. तो ओटीपी, काही कंपन्या त्याला हॅपी कोड पण म्हणतात, याचा अर्थ एकच, काम झालं आणि गिऱ्हाईक खूश आहे. त्या मुलाने मार्चमध्ये झाकण उघडून नुसतं बघितलं आणि तुमच्याकडून कोड घेतला, त्या क्षणी कंपनीच्या कॉम्प्युटरवर तुमचं मशीन दुरुस्त झालं. नंतर बोर्ड आला ती नवी तक्रार, तिचा पण कोड गेला. म्हणजे तुमच्या घरी मशीन तीनदा मेलं आणि कंपनीच्या दप्तरी ते प्रत्येक वेळी बरं होऊन हसतंय. ती कस्टमर केअरची बाई खोटं बोलत नाहीये, तिच्या स्क्रीनवर जे आहे तेच वाचतेय. मुलाला पण फार शिव्या देऊ नका, त्याला कॉलमागे पैसे मिळतात आणि कॉल जास्त दिवस ओपन राहिला की वरून बोलणी बसतात. खोटं कशाला बोलू, मी पण असे कोड मागितलेत. पण त्याच्या अडचणीसाठी आपण आपला पुरावा का घालवायचा? यापुढे मशीन चालू होऊन एक फेरी पूर्ण धुऊन पिळून बाहेर पडल्याशिवाय कोड सांगायचा नाही, पार्ट येणार असेल तर "पार्ट पेंडिंग" असं लिहून कॉल ओपन ठेव म्हणायचं.

तुमच्याकडे जॉबशीट आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो कागद, किंवा आजकाल मेसेजमध्ये लिंक येते ती. त्यावर तारीख, तक्रार नंबर, काय बिघडलं, काय बदललं एवढं असतं. नसेल तर आधी कंपनीला मेल टाकून सगळ्या जॉबशीटची कॉपी मागा, आणि फोनमधले तक्रार नोंदवल्याचे जुने एसेमेस अजिबात डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून भावाला पाठवून ठेवा म्हणजे दोन ठिकाणी राहतात. बिलाचा पण फोटो काढा, ते गुळगुळीत कागदाचं असेल तर वर्षभरात कोरं होतं, माझ्याकडे कितीतरी लोक पांढरा कागद घेऊन यायचे आणि म्हणायचे साहेब हेच बिल आहे.

व्होल्टेजचं बोलू. हे कारण कधीकधी खरंही असतं, विशेषतः अर्थिंग नीट नसेल तर. पण ते प्लगकडे बघून कळत नाही, त्याला मल्टिमीटर लावावा लागतो. फेज-न्यूट्रल किती, न्यूट्रल-अर्थ किती (हे दुसरं दोन-तीन व्होल्टच्या आत असलं की साधारण बरं समजतात). तुमच्या मशीनच्या पाठीमागे स्टिकर असेल, त्यावर बहुतेक २२०-२४० व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असेल, त्याचा फोटो काढा. मग गावातला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा, सकाळ, दुपार आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी असं तीनदा रीडिंग घ्यायला लावा आणि त्याच्याकडून कागदावर सही घ्या. रीडिंग खराब निघालं तर महावितरणला १९१२ वर तक्रार टाका, नंबर जपून ठेवा, आणि अर्थिंग करून घ्या, त्याला पर्याय नाही, नाहीतर चौथा बोर्डही जाईल. रीडिंग चांगलं निघालं तर कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारायचा, तुमच्या माणसाने किती व्होल्ट मोजले आणि ते जॉबशीटवर कुठे लिहिलंय? मागचे दोन बोर्ड याच घरात, याच प्लगवर वॉरंटीत बदलून दिले तेव्हा व्होल्टेज दिसलं नव्हतं का, हे पण विचारा.

मेल लिहिताना राग बाजूला ठेवा. तुमचा हा प्रश्न मी थोडा छाटून छापलाय, मूळ पत्र याच्या दुप्पट होतं आणि अर्धं त्या मुलाच्या वागण्यावर होतं. कंपनीतला माणूस दहा ओळी वाचतो. तारीख, तक्रार नंबर, काय बदललं, किती दिवसांत परत बंद, एवढं एकाखाली एक लिहायचं आणि शेवटी मागणी, "एकच बिघाड वॉरंटीच्या काळात तिसऱ्यांदा झाला आहे, त्यामुळे मशीन बदलून द्यावं किंवा पूर्ण रक्कम परत करावी, १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं." मेल कंपनीला आणि दुकानदारालाही. ओळखीचं दुकान आहे म्हणून त्याला सोडू नका, वस्तू विकली त्याने आहे. ३५० ची पावती मागा, पूर्ण वॉरंटीत विजिटचे पैसे घेतले असतील तर ते कशाचे ते सांगू दे. तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवा.

उत्तर आलं नाही की १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ते कंपनीकडे तक्रार ढकलतात आणि तुम्हाला डॉकेट नंबर देतात. ते कोर्ट नाही, हुकूम काढू शकत नाहीत, पण माझ्या बघण्यात अशी बरीच प्रकरणं इथेच मिटलीत, कारण कंपनीत ही तक्रार कॉल सेंटरच्या बाईकडे जात नाही, जरा वरच्या माणसाकडे जाते.

तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि पुण्याला जायची गरज नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे तुमची सोलापूरला. वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन पण भरता येते, आधी ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आलंय. कंपनी, दुकान आणि सर्व्हिस सेंटर तिघांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. कायद्यात निकालाला तीन महिने, लॅबमध्ये तपासणी लागली तर पाच महिने असं लिहिलंय, प्रत्यक्षात जास्त लागतात, ते मनाशी धरूनच चाला. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून. नुसते फोन आणि मेल करत बसलात म्हणून ती मुदत थांबत नाही, खूप लोक इथेच फसतात.

मशीन बदलून मिळेल का, तर वॉरंटी कार्डावर कंपनीने वचन दुरुस्तीचं दिलेलं असतं, बदलायचं नाही, त्यामुळे पहिल्या बिघाडाला कुणी बदलून देत नाही. आयोगाला मात्र दोष काढून द्या, वस्तू बदला, पैसे परत करा, भरपाई द्या, यातलं काहीही सांगायचा अधिकार आहे आणि तोच बोर्ड परत परत जातोय हे कागदावर दिसलं की तुमची बाजू जड होते. आणि हो, बदललेला बोर्ड नवाकोराच असतो असं नाही, कार्डावर बारीक अक्षरात "नवा किंवा दुरुस्त केलेला पार्ट" असं बहुतेकांचं लिहिलेलं असतं. पार्ट बदलला म्हणून वॉरंटी नव्याने सुरू होते हा पण गैरसमज, सहसा उरलेली मुदतच चालू राहते.

प्रश्न : सर, ठाण्याहून लिहितोय. तीन वर्षांपूर्वीचा इन्व्हर्टर एसी, पीसीबीला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डाला, पाच वर्षं वॉरंटी. बाहेरच्या युनिटचा बोर्ड जळला. उघडला तर आत भाजलेली पाल. कंपनी म्हणते पालीचं वॉरंटीत येत नाही. पाल काय मी सोडली होती का?

उत्तर : नाही हो, पण कंपनीनेही नाही सोडली. तुम्हाला आवडणार नाही, पण इथे कंपनीची बाजू वरचढ आहे. कार्ड काढून बघा, किडे, उंदीर, पाली यांच्यामुळे झालेलं नुकसान बहुतेक ठिकाणी सरळ वगळलेलं असतं. बोर्ड कोमट राहतो म्हणून पाल आत शिरते, दोन टोकांवर एकदम पाय पडला की खेळ संपला. तरी जळालेल्या बोर्डाचा पालीसकट फोटो आणि नकाराचं कारण लेखी घ्या, कारण कधीकधी पाल एका कोपऱ्यात सुकलेली असते आणि जळालेला भाग दुसरीकडेच असतो, तसं असेल तर भांडायला जागा आहे. नसेल तर भांडणात उन्हाळा घालवू नका. नव्या बोर्डाचं कोटेशन घ्या आणि एकदा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला दाखवा, नव्याच्या मानाने बऱ्याच कमी पैशात काम होऊ शकतं. पाच वर्षांच्या वॉरंटीतून पीसीबी बाद होईल, पण कंप्रेसरचं काय ते आधी कंपनीला मेलवर विचारा, मगच बोर्ड बाहेर द्या.

प्रश्न : काका, मी कॉलेजला आहे, रत्नागिरी. फोन आठ महिन्यांचा, चार्जिंग होत नाहीये. मित्र म्हणतात सर्व्हिस सेंटरवाले पावसाळ्यात सगळ्यांनाच पाणी गेलंय म्हणून हाकलतात. फोनवर आयपी ६८ लिहिलंय, मग पाण्याचं कारण देऊ शकतात का?

उत्तर : देऊ शकतात बेटा. आयपी ६८ ही नव्या फोनची प्रयोगशाळेतली, साध्या स्वच्छ पाण्यातली परीक्षा असते. समुद्राचं पाणी, साबणाचं पाणी, एकदा पडून किंचित वाकलेली कड, याचा त्यात हिशोब नसतो आणि पाण्याचं नुकसान वॉरंटीत नाही असं त्याच कंपनीच्या कार्डावर असतं. जाहिरातीत फोन पाण्यात बुडवून दाखवायचा आणि काउंटरवर पाणी म्हटलं की हात वर करायचे, ही मला स्वतःला लबाडीच वाटते, पण आज चालतं असंच.

आधी घरी फोनची चार्जिंगची खाच टॉर्चने बघ, निम्म्या वेळा खिशातली कापसाची गुठळी अडकलेली असते, लाकडी टूथपिकने हलकेच काढ, सुई घालू नकोस. दुसरी केबल लावून बघ. सेंटरचा नंबर गुगलवर शोधू नकोस, कार्डावरचाच घे, खोटे नंबर टाकून स्क्रीन शेअर करायला लावणारे खूप आहेत, चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३०. डेटाचा बॅकअप घे, सिम काढून घे, पासवर्ड कागदावर लिहून देऊ नकोस. फोन देताना जॉबशीटवर आयएमईआय नंबर तुझाच आहे ना बघ (स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की स्क्रीनवर येतो) आणि "स्क्रीनवर ओरखडा नाही, बॉडी ठीक" असं लिहून घे, नाहीतर परत घेताना नवा चरा दिसला तर तो तुझाच ठरतो.

पाण्याचा निकाल ते एका छोट्या स्टिकरवरून लावतात, पाणी लागलं की पांढऱ्याचा लाल किंवा गुलाबी होतो. बऱ्याच फोनमध्ये तो सिमच्या खाचेत असतो. फोन काउंटरवर ठेवायच्या आधी ट्रे काढ, टॉर्च मार, स्टिकर दिसला आणि पांढरा असला तर तारीख दिसेल असा फोटो काढ, आणि तिथल्या माणसालाही तेव्हाच दाखव.