गॅलरीतील लाकडाच्या तुकड्यांचे काय करावे?

प्रश्न : आमच्या घराच्या गॅलरीत मी सुट्टीच्या दिवशी लहानसहान सुतारकाम करते. पाच वर्षांत सागवान, पाइन, प्लायवूड आणि एमडीएफचे (लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेल्या बोर्डाचे) इतके तुकडे साठले आहेत की करवत चालवायलाही जागा उरलेली नाही. यंदा पावसाळ्यानंतर तळाचे खोके उघडले, तेव्हा काही तुकड्यांखाली मैद्यासारखी पिवळसर भुकटी दिसली. काय ठेवावे आणि काय टाकावे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी त्या भुकटीचा निकाल लावा. तुकड्यावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे असतील आणि तो टेबलावर आपटल्यावर त्यांतून आणखी भुकटी गळत असेल, तर तो घुण समजावा. वाळवी असती तर मातीचे पापुद्रे दिसले असते. घुणाच्या अळ्या लाकडातील पिष्टमय अंशावर वाढतात आणि तो अंश कडेच्या फिकट, कच्च्या भागात असतो. त्यामुळे सागाचा आतील तपकिरी गाभा सहसा शाबूत राहतो. पोखरलेले तुकडे पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी घराबाहेर काढा, कारण ही कीड पुढे घरातील लाकडी सामानालाही लागू शकते.

उरलेल्यांपैकी एमडीएफविषयी मी निर्दय आहे. आपल्याकडच्या दमट हवेत त्याच्या कडा फुगतात आणि फुगलेली कडा पुन्हा बसत नाही, तेव्हा ते साठवण्यात अर्थ नाही. प्लायवूडचे सपाट, काटकोनी तुकडे मात्र क्लॅम्पखाली आधाराला किंवा फर्मा करायला उपयोगी पडतात. असे दहा-बारा पुरेत.

खरा जीव अडकतो तो सागवानात. तेथे नुसती लांबी मोजू नका, लाकडाच्या तंतूंच्या रेषा कोणत्या दिशेने जातात तेही पाहा. रेषांच्या दिशेने वीतभर असलेल्या तुकड्यातून मूठ, खुंटी किंवा खेळण्याचे चाक निघते. परंतु तेवढ्याच लांबीच्या पट्टीत रेषा आडव्या गेल्या असतील, तर ती हाताच्या जोरानेही मोडते. ठेवलेल्या प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने जाडी लिहावी आणि तो जमिनीला किंवा ओल धरणाऱ्या भिंतीला न टेकवता फळीवर उभा रचावा. फळी एकच असू द्या. ती भरली की नवा तुकडा ठेवण्यापूर्वी जुना काढायचा. (माझ्या फळीवरचा एक शिसवी तुकडा या नियमातून वर्षानुवर्षे सुटत आला आहे, हे कबूल करतो.)

पूर्वी असे तुकडे बेकरीवाले भट्टीसाठी नेत. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिल्यापासून तो मार्ग बंदच समजावा. प्लायवूड आणि एमडीएफ तर सोसायटीच्या शेकोटीतही घालू नका, कारण त्यांच्या गोंदात बहुधा फॉर्मल्डिहाइड असते आणि धूर घातक असतो. याच कारणाने त्यांचा भुसा कुंड्यांतही नको. निव्वळ लाकडाचा भुसा ओल्या कचऱ्याच्या खतात थोडा-थोडा मिसळता येतो.

भुशाच्या पिशवीत जवसाच्या उकळलेल्या तेलाची, म्हणजे रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात त्याची, चिंधी कधीही टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पसरून उघड्यावर वाळवावी किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी, आणि मगच कचऱ्यात द्यावी.